रोम-असिसीचा उन्हाळी अभ्यासक्रम: धर्माचा इतिहास आणि अध्यात्म शिकायला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

रोममध्ये उन्हाळ्यात धर्मेतिहासाचे जे छोटे अभ्यासक्रम चालतात, त्यांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. काही आठवड्यांचा मुक्काम, सकाळी वर्ग, नंतर चर्च आणि कॅटाकोम्ब (जमिनीखालच्या जुन्या दफनभूमी), मध्ये दोन-तीन दिवस संत फ्रान्सिसचं गाव असिसी. पण एके ठिकाणी तुम्हाला शिलालेख वाचायला शिकवतात आणि दुसरीकडे रोज पहाटे ध्यानाला बसवतात. दोन्ही चांगलंच आहे. मात्र आपण कशासाठी चाललोय हे न ठरवता गेलात तर दोन्हीकडे कुचंबणा होते. इतिहासासाठी आलेला प्रार्थनेत अवघडतो आणि शांतता शोधायला आलेला सनावळ्यांना वैतागतो. दोन्ही गोष्टी एकाच मुक्कामात साधतात यावर माझा ठाम विश्वास आहे, पण त्यासाठी थोडी शिस्त लागते. ती कशी लावायची, ते इथे क्रमाने सांगते.

आधी अभ्यासक्रम नीट वाचा

असे अभ्यासक्रम साधारण तीन प्रकारच्या संस्था घेतात. पोपच्या अधिकाराखालची विद्यापीठं ही पहिली. त्यांतलं ग्रेगोरियन विद्यापीठ इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली ‘रोमन कॉलेज’ म्हणून सुरू केलं होतं. दुसरी म्हणजे इतर देशांतल्या विद्यापीठांची रोममधली केंद्रं. तिसरे मठ आणि यात्रीनिवास. तिथे भर साधनेवर असतो, परीक्षा बहुधा नसते.

माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. विषयवार आराखडा मागवा आणि त्यात चार गोष्टी बघा: वर्गात किती तास, प्रत्यक्ष स्थळांवर किती तास, शिकवणारे कोण, आणि शेवटी निबंध आहे की नुसतं हजेरीचं प्रमाणपत्र. ‘अध्यात्म’ म्हणजे त्यांना नेमकं काय अभिप्रेत आहे हेही सरळ विचारा. संत फ्रान्सिस किंवा मठवासींसाठी नियमावली लिहिणारे संत बेनेडिक्ट यांचं लिखाण वाचणं, की स्वतः मौनात बसणं? प्रार्थनेला हजर राहणं सक्तीचं आहे का, हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही. चांगली संस्था त्याचं स्पष्ट उत्तर देते.

क्रेडिटचा हिशेब स्वतः करून बघा. युरोपातल्या विद्यापीठांत क्रेडिट मोजायची जी सामाईक पद्धत आहे तिला ईसीटीएस म्हणतात. तिच्यात एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट होतात. म्हणजे सहा क्रेडिटच्या अभ्यासक्रमात दीडशे ते १८० तासांचं काम आलं. तेच तीन आठवड्यांत बसवलं असेल तर आठवड्याला ५० ते ६० तास झाले. मग वाचन आधी घरी करून घेणार आहेत का, निबंध परत गेल्यावर द्यायचा आहे का, हे विचारून घ्या. आणि तुमचं विद्यापीठ ते क्रेडिट धरणार का, याचं उत्तर निघण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी होकार नंतर कामाला येत नाही.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. हे ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांच्या काळात मोजले जातात, त्यामुळे त्याआधीची युरोपवारी असेल तर तीही त्यात धरली जाते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या १५ दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो फी आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. प्रवेशपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, राहण्याचा पत्ता आणि फी भरल्याचा उल्लेख असू द्या.

व्हॅटिकन हा वेगळा देश असला तरी रोममधून तिथे जाताना पासपोर्टची तपासणी नसते, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी काळजी नाही. सुरक्षा तपासणी मात्र असते आणि तिची रांग मोठी असते.

निघण्याआधी काय वाचावं

जाडजूड ग्रंथ नकोत. सहा सनावळ्या पक्क्या करा आणि प्रत्येकीला एक जागा जोडा. ३१३ साली कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्यानंतर रोममध्येच लॅटरन या जागी चर्च उभं राहिलं. रोमच्या बिशपचं, म्हणजे पोपचं मुख्य चर्च आजही तेच आहे, व्हॅटिकनमधलं सेंट पीटर नव्हे. ३८० साली थिओडोसियसच्या राज्यात ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. ६०९ साली पॅन्थिऑन या रोमन देवळाचं चर्च झालं, आणि म्हणूनच ते इतकं धडधाकट उरलं. १५५५ साली पोप चौथे पॉल यांनी रोममधल्या ज्यूंना घेट्टोत, म्हणजे सक्तीच्या वेगळ्या वस्तीत कोंडलं. १८७० साली पोपची रोमवरची राजसत्ता संपली. १९२९ च्या लॅटरन करारातून आजचं व्हॅटिकन जन्माला आलं. एवढं डोक्यात असलं की मार्गदर्शकाचं बोलणं कानावरून जात नाही.

मूळ साधनांतलं थोडं तरी वाचा. बेनेडिक्टची नियमावली लहान आहे, दोन संध्याकाळी वाचून होते. फ्रान्सिसचं मृत्युपत्र तर काही पानांचंच. मूळ मजकूर वाचून गेलेला आणि नुसती माहिती वाचून गेलेला, यांच्यातला फरक पहिल्याच चर्चासत्रात कळतो.

वहीचे तीन भाग

माझ्या मते सगळ्या मुक्कामात याहून महत्त्वाचं काही नाही. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात डोळ्यांना दिसलेलं आणि कागदोपत्री सिद्ध असलेलं. दुसऱ्यात परंपरा सांगते ते. तिसऱ्यात तुम्हाला जे जाणवलं ते.

लॅटरनसमोरच्या ‘पवित्र जिन्या’पासून सुरुवात करा. २८ संगमरवरी पायऱ्या. पहिल्या रकान्यात लिहा: पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८९ साली जिना आजच्या जागी आणवला, पायऱ्या झिजू नयेत म्हणून १७२३ मध्ये त्यांवर लाकडी आवरण घातलं, २०१९ साली डागडुजीनंतर काही आठवडे ते काढून मूळ दगड भाविकांसाठी उघडा ठेवला होता. दुसऱ्या रकान्यात: येशूला याच पायऱ्यांवरून पिलात या रोमन सुभेदारापुढे नेलं आणि कॉन्स्टंटाईनची आई हेलेना हिने त्या जेरुसलेमहून आणल्या, अशी श्रद्धा. आता बाजूला उभे राहा आणि माणसं बघा. हा जिना पायांनी चढत नाहीत. प्रत्येक पायरीवर गुडघे टेकायचे, थांबायचं, ओठ हलताना दिसतात, मग पुढची पायरी. म्हातारी माणसं कठड्याचा आधार घेतात. कुणी कुणाला घाई करत नाही. चालत जाणाऱ्यांसाठी शेजारी वेगळे जिने आहेत. हे बघताना मनात जे आलं ते तिसऱ्या रकान्यात.

हे रकाने एकमेकांत मिसळले की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. पुरावा नाही म्हणून जिना ‘खोटा’ ठरवणारा विद्यार्थी शेकडो वर्षांच्या भक्तीचा इतिहास हातचा घालवतो, आणि तीही तितकीच खरी ऐतिहासिक घटना आहे. उलट, भारावून जाऊन दुसऱ्या रकान्यातलं पहिल्यात लिहिणाऱ्याचा निबंध पहिल्याच प्रश्नाला ढासळतो. तिसरा रकाना काही शिक्षकांना नको असतो. तरीही तो ठेवा. तुम्ही अध्यात्म शिकायला आला असाल तर तेच तुमचं साधन आहे. फक्त रोज तारीख घाला.

कमी जागा, पण पुन्हा पुन्हा

नवखे लोक एका दिवसात सात चर्च उरकतात आणि रात्री कुठल्या चर्चचा फोटो कुठला ते ओळखू येत नाही. तीन जागा निवडा आणि तिथे परत परत जा.

त्यांतली एक सान क्लेमेंते असावी. कोलोसियमपासून चालत काही मिनिटांवर. रस्त्याच्या पातळीवर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या पोटात चौथ्या शतकातलं चर्च, आणि त्याखाली पहिल्या शतकातल्या इमारती, ज्यांच्या एका भागात पुढे मिथ्रास या देवाचं पूजास्थान झालं. हे सगळं १८५७ पासून डॉमिनिकन संघाच्या जोसेफ मलूली या आयरिश फादरांनी खोदून उजेडात आणलं.

माझा सल्ला असा की वर रेंगाळू नका, तिकीट काढून आधी थेट तळाला जा. खाली हवा दमट आणि गार आहे, आणि भिंतीपलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज येत राहतो. मिथ्रासच्या खोलीत दोन्ही बाजूंना दगडी बाक आहेत, मध्ये बैलाचा बळी देणाऱ्या देवाचं शिल्प असलेली वेदी. इथे फार तर काही डझन माणसं बसत असतील. मग मधल्या मजल्यावर या. तिथे अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र शोधा: सिसिनियस नावाचा रोमन सरदार नोकरांना संत क्लेमेंटला (ज्याच्या नावाचं हे चर्च) ओढत न्यायला सांगतोय, पण चमत्कार असा की नोकर त्याच्याऐवजी दगडी खांब ओढताहेत. सरदाराच्या तोंडची शिवी चित्रातच लिहिलेली आहे, आणि तीही तेव्हाच्या बोलभाषेत. इटालियन बोलीच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत या ओळींची गणना होते. चर्चच्या भिंतीवर शिवी का लिहू दिली असेल, यावर वर्गात तास सहज निघतो. सगळ्यात शेवटी वर या आणि वेदीमागचं सोनेरी मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकड्यांचं चित्र बघा: मधोमध क्रूस, त्यावर बारा पांढरी कबुतरं, आणि क्रूसाच्या पायथ्याशी फुटून सगळीकडे पसरलेली वेल. तळापासून वर आल्यावर ते मोझेक फार वेगळं दिसतं.

दुसरी जागा सांता प्रासेदे. पोप पहिले पास्कल (८१७ ते ८२४) यांनी बांधलेलं. मोझेकमध्ये त्यांच्या डोक्यामागचं प्रभावलय चौकोनी आहे. चित्र काढलं तेव्हा ती व्यक्ती हयात होती, याची ही खूण. शेजारच्या सान झेनोच्या छोट्या देवळीत त्यांची आई थिओडोरा हिच्याही मागे तसंच चौकोनी वलय आहे आणि तिच्या नावापुढे ‘एपिस्कोपा’, म्हणजे स्त्री-बिशप. मुलाच्या पदामुळे तिला मिळालेला हा मान, की सुरुवातीच्या चर्चमधल्या स्त्रियांच्या अधिकाराची खूण, यावर अभ्यासकांत वाद आहे. निबंधासाठी इतका नेटका विषय क्वचित मिळतो.

कॅटाकोम्ब मार्गदर्शकाशिवाय बघता येत नाहीत. बाहेर पस्तीस अंश असले तरी आत पंधरा-सोळाच असतात, अंगावर काहीतरी घ्या. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका: ख्रिस्ती लोक तिथे लपून राहत नव्हते. त्या दफनभूमी होत्या, आणि रोमच्या अधिकाऱ्यांना त्या ठाऊक होत्या.

रोम एकाच धर्माचं नाही

अभ्यासक्रमात नसलं तरी एक दिवस ज्यू रोमसाठी राखून ठेवा. इथली ज्यू वस्ती पोपच्याही आधीची, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची आहे. सुरुवात टायटसच्या कमानीपासून करा. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झालं. तिथला सात फांद्यांचा दीप मिरवत आणणारे सैनिक कमानीच्या आतल्या बाजूला कोरलेले आहेत. तिथून टायबरकाठच्या जुन्या घेट्टोत जा. १९०४ साली उभ्या राहिलेल्या सिनेगॉगसमोर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर) सान ग्रेगोरियो नावाचं लहानसं चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातली ओळ हिब्रू आणि लॅटिन, दोन्हींत आहे: हट्टी प्रजेपुढे मी दिवसभर हात पसरले. घेट्टोतून बाहेर पडणाऱ्या ज्यूंनी ती वाचावी म्हणूनच ती लिहिली होती. त्यांना ख्रिस्ती प्रवचनं सक्तीने ऐकावी लागत. गल्ल्यांतल्या दारांसमोर जमिनीत बसवलेल्या पितळी फरशांवर नावं आहेत; १६ ऑक्टोबर १९४३ ला इथून धरून नेलेल्या हजाराहून अधिक लोकांपैकी १६ जण परतले. सिनेगॉगचं संग्रहालय शनिवारी बंद असतं.

पाओलो पोर्तोगेसी यांनी रचलेली रोमची मोठी मशीद १९९५ साली खुली झाली. शहराच्या उत्तरेला आहे. भेटीची वेळ आधी विचारून जा.

रोजचं व्यवहाराचं

बहुतेक लहान चर्च दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या सुमारास बंद होतात, तेव्हा महत्त्वाच्या जागा सकाळी करा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट पीटरला दारातूनच परत पाठवतात. अनेक ठिकाणी चित्रांवरचे दिवे नाणं टाकल्यावर थोडा वेळ लागतात, म्हणून सुटे युरो खिशात असू द्या. रस्त्याकडेच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याजोगं असतं. पोपची बुधवारची सार्वजनिक भेट जुलैत सहसा नसते. इतर वेळी तिकीट मोफत असतं, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. १५ ऑगस्टच्या आसपास शहर अर्धं बंद असतं.

असिसीत

रेल्वे स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे, गाव वर डोंगरउतारावर. बस मिळते. खालच्या मोठ्या चर्चच्या आत पोर्झिउन्कोला हे चिमुकलं चर्च जसंच्या तसं उभं आहे. फ्रान्सिसचा मृत्यू १२२६ साली इथेच झाला. दोन वर्षांत त्याला संतपद मिळालं आणि वर गावात त्याच्या नावाच्या मोठ्या चर्चचं, बॅसिलिकाचं काम सुरू झालं.

बॅसिलिकाच्या वरच्या चर्चमध्ये त्याच्या आयुष्यावरची २८ भित्तिचित्रं आहेत. ती जोत्तो या चित्रकाराची की नाहीत, हा जुना वाद आहे. त्यात न पडता हा प्रयोग करा. पहिल्या चित्रात एक साधाभोळा माणूस तरुण फ्रान्सिसच्या पायांखाली झगा अंथरतोय. मागे रोमन देऊळ आहे. त्याचे खांब मोजा: पाच. मग बाहेर पडून गावच्या चौकात जा. तेच देऊळ, मिनर्व्हाचं, आजही तिथे उभं आहे, आत आता चर्च आहे. खांब सहा! चित्रकाराला समोरची इमारत हुबेहूब काढायचीच नव्हती. धार्मिक चित्राला पुरावा म्हणून कसं वापरायचं आणि कसं नाही, याचा इतका चोख धडा वर्गात मिळत नाही.

आता अकरावं चित्र. फ्रान्सिस सुलतानापुढे उभा आहे आणि स्वतःची श्रद्धा सिद्ध करायला आगीत शिरायला तयार आहे. वहीचे रकाने काढा. १२१९ साली क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाच्या काळात इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ तो सुलतान अल-कामिल याला भेटला, हे तेव्हा तिथे हजर असलेल्या जाक द व्हित्री या बिशपने लिहून ठेवलं आहे. हे पहिल्या रकान्यात. आगीची कसोटी मात्र सेलानोच्या थॉमसने लिहिलेल्या पहिल्या चरित्रात नाही. ती येते बोनाव्हेंचरने लिहिलेल्या चरित्रात, जे १२६३ साली फ्रान्सिसने स्थापलेल्या संघाने मान्य केलं. तीन वर्षांनी संघाने आधीची चरित्रं नष्ट करण्याचा ठराव केला, आणि भिंतीवरची ही चित्रं बोनाव्हेंचरच्याच आधाराने काढली. म्हणजे भिंतीवर फ्रान्सिस जितका आहे, तितकाच त्याच्यानंतरच्या संघाला हवा असलेला फ्रान्सिसही आहे. हे कळल्याने माझं फ्रान्सिसवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. उलट एक निःशस्त्र माणूस युद्ध चालू असताना शत्रूच्या छावणीत गेला, हा साधा पुरावाच मला आगीपेक्षा मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर एरेमो देल्ले कार्चेरी या डोंगरातल्या एकांतस्थळी चालत जा. गावापासून साधारण चार किलोमीटर, सगळी चढण. पाणी घ्या, फोन बंद ठेवा, आणि त्या दिवशी पहिले दोन रकाने रिकामे राहिले तरी चालतील.

प्रार्थनेला बसताना

मठातल्या सायंप्रार्थनेला कुणीही बसू शकतं. वेळेआधी पाच मिनिटं जा आणि मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा. क्रूसाची खूण करण्याची किंवा गुडघे टेकण्याची सक्ती नाही. मिस्सा या मुख्य उपासनेत कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर घेण्याचा विधी, कॅथलिकांसाठीच असते, त्या वेळी जागेवरच बसून राहायचं. कुणी वाईट मानत नाही. प्रार्थनेत फोटो काढू नका आणि वहीही उघडू नका. स्तोत्रं दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणतात, मध्ये श्वासभर थांबतात. पहिल्या दिवशी तो थांबा लांबलचक वाटतो. आठवडाभर रोज त्याच जागी गेलात तर तुमचाही श्वास त्या लयीत पडू लागतो.

मठात राहणार असाल तर रात्री दार किती वाजता बंद होतं ते आधी विचारा. त्या वेळेनंतर आलात तर कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं.

निबंध आणि परतीची तयारी

व्हॅटिकन ग्रंथालय आणि अभिलेखागार यांवर उन्हाळी विद्यार्थ्याने भिस्त ठेवू नये. ग्रंथालयाची रीतसर स्थापना १४७५ ची, अभिलेखागार अभ्यासकांना १८८१ मध्ये खुलं झालं. पण प्रवेश पदवीधर संशोधकांना, ओळखपत्रं दाखवून, आणि उन्हाळ्यात दोन्ही काही आठवडे बंदच असतात. ग्रंथालयाची हजारो हस्तलिखितं मात्र संकेतस्थळावर मोफत बघता येतात. ती घरूनच पाहा.

निबंधाचा विषय लहान घ्या: एक चित्र, एक शिलालेख, एक जिना. पहिल्या आठवड्यातच तो ठरवून शिक्षकांना दाखवा, म्हणजे त्या जागी पुन्हा जायला वेळ उरतो. लिहिताना पहिल्या दोन रकान्यांवर उभे राहा. तिसऱ्यातलं एखादं वाक्य शेवटी आलं तर ते कुठून आलं हे वाचणाऱ्याला कळू द्या.

आणि निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका: गुणपत्रकावर तासांची संख्या, ईसीटीएस क्रेडिट आणि शिक्का आहे का, ते कार्यालय उघडं असतानाच तपासून घ्या. ऑगस्टमध्ये तिथे फोन उचलायला बहुधा कुणी नसतं.